चाकं वाढवली

आमच्या घरात बांगडी फुटत नाही. पिचते, वाढते, फार तर हातातून जाते, पण फुटली असं कुणी म्हणत नाही. मी लग्न होऊन बारामतीत आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून हिरव्या बांगड्यांचा अख्खा डबा निसटला आणि मी ओरडले, "अम्मी, फुटल्या!" सासूबाईंनी काचांकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "वाढल्या म्हणावं, पोरी. आपलं गिऱ्हाईक सवाष्ण हाय. तिच्या कानावर तसला शब्द पडू द्यायचा न्हाय." आम्ही मणेर, पिढीजात बांगडीवाले. गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी घरांतल्या बायका, त्यामुळे नमाज आमची असली तरी बांगडीची भाषा त्यांची. पुढे मला ती इतकी अंगवळणी पडली की चहाचा कप खाली पडला तरी मी 'वाढला' म्हणू लागले.

बारामतीतलं आमचं दुकान म्हणजे एक दार आणि मागे भिंतभर मांडणी. खरा धंदा फेरीचा. सासरे सायकलवर गावं करायचे. ते गेल्यावर सासूबाई एसटीनं जायला लागल्या, काखेत पेटी आणि डोक्यावर डबे. गुडघे त्यांना एसटीची पायरी चढू देईनात, तेव्हा मी गाडी शिकले आणि आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. मी पुढे, सासूबाई मागच्या बाकावर डब्यांना धरून. काटेवाडी, पिंपळी, मग इंदापूरच्या बाजूला कळंबपर्यंत. मला फेरी आवडते, हे सरळच सांगते. दुकानात मी गल्ल्यावर बसलेली कुणाची तरी सून असते. फेरीत मात्र बायका वाट बघत असतात, चहा टाकतात, हात पुढे करतात आणि घरातलं सगळं सांगतात.

पण व्हॅन आल्यापासून डबे उघडायची भीती वाटायला लागली. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्या रस्त्याच्या कडा खाऊन टाकतात आणि आमच्या गाडीची चाकं एवढीशी. प्रत्येक खड्ड्यात ती आत जायची, आणि मागून खळ्ळ असा आवाज यायचा. सासूबाई गावात पोचून डबा उघडला की काचा निवडत बसायच्या, आणि गिऱ्हाइकाला म्हणायच्या, "हा रंग संपलाय, बाई." एकदा तर नवऱ्या मुलीसाठी नेलेल्या चुड्यातल्याच बांगड्या गेल्या आणि त्या घरानं दुसऱ्या गावाहून कासार बोलावला. त्या दिवशी घरी आल्यावर सासूबाई जेवल्या नाहीत.

आमचे हे एमआयडीसीत कंपनीत आहेत. स्वभावानं शांत, पण एकदा ठरवलं की ठरवलं. ते म्हणाले, "एवढी लगीनसराई बघू. असंच चाललं तर गाडी विकायची, फेरी बंद. दोघी दुकानात बसा." सासूबाईंनी मान खाली घातली. मला राग आला तो ह्यांच्या बोलण्याचा नाही, ह्यांच्यापाशी उत्तर होतं आणि माझ्यापाशी नव्हतं याचा. कळंबच्या एका जुन्या गिऱ्हाइकाकडे लग्न होतं, तिथला चुडा आमच्याकडे होता. तेवढीच संधी होती.

मी आधी डब्यांत पेंढा भरला, मग जुन्या गोधड्या. काही उपयोग झाला नाही. मग गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलून बघितली आणि हसायलाच लागला. "वहिनी, खालचे स्प्रिंगचे पाटे ठीक हायत. पर ही चारी चाकं चार घरची हायत." पुढच्या एका चाकाची रिम वाकडी होती, मागचे टायर वाळून कडक झालेले, त्यांना चिरा पडलेल्या. ही चाकं बदलल्याशिवाय गत्यंतर नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

चाकं निवडायची म्हटल्यावर आमच्या ह्यांना एकदम हुरूप आला. फेरी बंद करायला निघालेला माणूस मोबाईलवर चकचकीत अलॉय व्हील बघत बसला. "हे बघ, काय दिसतंय!" दिसत होतं छानच. पण त्या चाकाला सगळी रिमच, टायर म्हणजे नुसती काठाला लावलेली काळी फीत. मी म्हटलं, "अहो, काच आणि डब्याच्या मधे आपण पेंढा घालतो ना? मग इथं रस्ता आणि रिमच्या मधे काय हाय? मला जाड रबर पाहिजे." ते म्हणाले, "तुला गाडीतलं काय कळतं?" बस्स. मी ठरवलं, चाकं मीच आणणार.

इंदापूरला हायवेच्या कडेला जुन्या-नव्या चाकांचं एक दुकान आहे. ह्यांची शिफ्ट होती त्या दिवशी मी रिकामी व्हॅन घेऊन एकटीच निघाले. बरोबर आमचं लाकडी माप घेतलं. बांगडी मोजायचा हा निमुळता दांडू, त्यावर सव्वादोन, अडीच, पावणेतीन अशा खुणा असतात. आता हसू येतं, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मोठ्या गाडीची चार चाकं एका कोपऱ्यात रचलेली होती, सगळी एका जातीची, वर जाडजूड टायर. मी जुन्या चाकाचं मधलं भोक बघितलं, नव्याचं बघितलं. दांडू लहान पडला, मग सुतळी लावली. नटांची चार भोकं, त्यांच्यातलं अंतर, सगळं तंतोतंत. दुकानदार कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "ताई, हे लग्नाचं माप चाललंय का काय?" मी म्हटलं, "आमी मणेर हाय. आतलं माप बसलं की बांगडी बसली, बाहेरून ती पाटली असू दे न्हाय तर तोडा." तो म्हणाला, "जमलं तर मग! एक नंबर वाढवून टाका चाकं, खड्डा कळणार बी न्हाय." आणि खरंच चारी चाकं गाडीला बसली. गाडी उंच झाली, रुबाबदार दिसायला लागली. मी तर खूष.

तिथूनच घरी फोन लावला. हायवेवरच्या ट्रकांचा गोंगाट, त्यात सासूबाईंना कमी ऐकू येतं. मी ओरडून म्हणाले, "अम्मी, चाकं वाढवली!"

पलीकडून मग आवाज आला, "या अल्ला. किती?"

"चारी!"

"लय लागलं का गं?"

मला वाटलं, पैशांचं विचारतायत. मी म्हटलं, "लागलं बऱ्यापैकी. घरी येऊन सांगते. ह्यांना एवढ्यात बोलू नका हां, उगाच डोक्याला हात लावून बसतील." आणि फोन ठेवला. गाडी चालवताना मी फोन घेत नाही, ही माझी शिस्त. पर्समध्ये तो वाजत राहिला, मी मजेत चालवत राहिले. खड्डे कळत नव्हते, उसाच्या ट्रॉलीला ओलांडताना मी चक्क गुणगुणत होते.

कळंबच्या अलीकडे समोरून एक मोटारसायकल भरधाव आली, मला ओलांडून गेली, कचकन वळली आणि हॉर्न वाजवत मागे लागली. आमचे हे. अंगात कंपनीचे कपडे, डोक्याला हेल्मेट नाही. मी गाडी कडेला घेतली. ते धावत दारापाशी आले आणि मला वरपासून खालपर्यंत बघू लागले. डोकं, हात, पाय. मग गाडीच्या भोवती फिरून आले.

"कुठं लागलंय?" ह्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"तुला! अम्मी म्हणाली, चारी चाकं वाढली, तुला लय लागलंय आन् तू मला सांगू नको म्हणलीस!"

मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा हसू आवरेना. "अहो, वाढवली म्हणजे मोठी केली! लागले ते पैसे!" मला वाटलं, तेही हसतील. ते हसले नाहीत. रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि तोंडावरून हात फिरवत राहिले. मी पाण्याची बाटली दिली. पाणी पिऊन ते म्हणाले, "आज खोटं निघालं. उद्या खरं झालं तर? काच वाढली तर वाढू दे गं, नवी आणता येती. मी फेरी बंद कर म्हणतोय ते काचेपायी म्हणतोय असं वाटतं का तुला?" इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी एवढं एका दमात बोलला नव्हता. मला भरून आलं. काचेला मी उत्तर शोधलं होतं, त्यांच्या ह्या भीतीला कुठून शोधणार?

घरी पोचलो तर गल्ली भरलेली. शेजारणी डोळे पुसत उभ्या, सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या. मी गाडीतून धडधाकट उतरले तशा त्यांनी आधी माझा गालगुच्चा घेतला, मग पाठीत एक धपाटा घातला. "सुतक करायला लावलंस की गं!" रडारडीचं हसण्यात रूपांतर झालं. मग सगळ्याजणी म्हणाल्या, बघू तरी वाढवलेली चाकं. बघता बघता चढल्याच गाडीत, पुढे-मागे मिळून गाडी गच्च. "एक चक्कर मार!" मी मारली. गल्लीच्या तोंडाशी स्टेअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकातून खर्रर्र आवाज आला. स्पीडब्रेकरवर मागूनही आला. रबर जळल्याचा वास सुटला.

चाक मडगार्डला घासत होतं. रिकाम्या गाडीत ते कळलं नव्हतं. वजन बसलं, गाडी खाली आली, तशी टायरला फिरायला जागाच उरली नाही. आमच्या ह्यांनी खाली वाकून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "असं पळवताना टायर गेला असता तर?" मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. फेरी संपली असंच मला वाटलं, आणि मीच ती संपवली होती.

संध्याकाळी बाहेर बघते तर सासूबाई पाट घेऊन पुढच्या चाकाशी बसलेल्या. मडगार्ड आणि टायरच्या मधे बोटं घालून चाचपत होत्या. मला हाक मारली. "हितं बघ. आतलं माप तू बरुबर घेतलंस. पर बांगडी हातात बसली म्हंजी झालं का? वरून बाही येती. मनगटापतूर घट्ट बाहीचा ब्लाउज असला अन् तू जाडजूड गोठ भरलास, तर बाही फाटंल न्हाय तर गोठ वाढंल. ह्या चाकाला बाही हाय, पोरी." मग मुलाला हाक मारली. "सुट्टी काढ उद्या. आपण तिघंबी जाऊ." ते म्हणाले, "अम्मी, गाडी विकायची ठरलीय." सासूबाई म्हणाल्या, "विकायची तरी चांगली चाकं घालून वीक. घेणाऱ्याच्या घरातबी माणसंच असतील की." ह्यांनी मी टपावर टाकून आणलेली जुनीच चाकं पुन्हा चढवली, नवी टपावर ठेवली आणि सकाळी गाडी हळूहळू इंदापूरला नेली.

सासूबाईंनी गाडीत सगळे डबे भरायला लावले होते, फेरीला निघतात तसेच. दुकानदारानं मला ओळखलं. सगळी हकीकत ऐकून तोही ओशाळला. म्हणाला, "रिकाम्या गाडीवर मीबी बोलून गेलो, ताई." चाकं परत घेतली. मग आमची निवड सुरू झाली. त्यानं दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद वाचून दाखवला, कंपनीनं कुठलं माप दिलंय, हवा किती भरायची. टायरच्या अंगावर वजनाचा आकडा असतो, तो गाडीला झेपेल असा पाहिजे, हे सांगितलं. आमच्या जुन्या टायरवरचा आकडा कारचा होता, आणि आम्ही त्यात हवा दगडासारखी कडक भरून घेत होतो. आमच्या ह्यांनी चकचकीत अलॉयकडे एकदा बघितलं, आईकडे बघितलं आणि पुढे सरकले. शेवटी मूळ मापाच्या कोऱ्या लोखंडी रिमा आणि वजन पेलणारे, बाजू उंच असलेले टायर ठरले.

बसवून झाल्यावर दुकानदार हात पुसायला लागला तर सासूबाई म्हणाल्या, "थांब, बाबा." त्यांनी आम्हा दोघांना गाडीत बसवलं, दुकानदाराच्या दोन माणसांनाही मागे चढवलं. मला म्हणाल्या, "चाक डावीकडं वळीव, पार शेवटपतूर." आणि खाली वाकून बोटं घातली. "आता उजवीकडं." पुन्हा बोटं. मग चारी चाकांना तेच. बांगडी भरल्यावर त्या मनगटाशी असंच बोट घालून बघतात, फिरते का, रुतते का. दुकानदार म्हणाला, "मावशी, नवरीला बी एवढं बघत न्हाईत." त्या म्हणाल्या, "नवरीपाशीच निघालीय ही." आमचे हे गाडीतून उतरले आणि आईशेजारी वाकले. त्यांनीही आपली बोटं घातली, एकेक चाक करून सगळ्यांना. परत येताना गाडी त्यांनी चालवायला मागितली नाही. माझ्या शेजारी बसले आणि सगळा रस्ताभर खिडकीतून डोकं काढून पुढच्या चाकाकडे बघत राहिले. मी म्हटलं, "मान अवघडेल." ते म्हणाले, "तू समोर बघ."

कळंबच्या लग्नघरी निघालो तेव्हाही ते मोटारसायकल घेऊन मागे होतेच. मला आरशात दिसत होते, उसाच्या ट्रॉलीमागे अडकायचे आणि पुन्हा जवळ यायचे. खड्डे आले तशी गाडी डुलली, आदळली नाही. मागून खळ्ळ आवाज आला नाही, पण मी त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. ओसरीवर डबे उतरवले. सासूबाईंनी पहिलं झाकण उघडलं, दुसरं उघडलं. हिरव्या बांगड्यांचे गठ्ठे जसेच्या तसे. त्यांनी एकेक गठ्ठा सुतळीत धरून कानाशी हलवला. पिचलेली असली तर तिचा आवाज बोदा येतो. एकाही गठ्ठ्यातून आला नाही. त्यांनी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं.

नवरीनं हात पुढे केला. सासूबाईंनी तो हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितला, आणि माझ्याकडे सरकवला. "भर."

नवरीचा चुडा आमच्यात त्यांच्याशिवाय कुणी भरलेला नव्हता. मी बाकीच्या बायकांचे हात करायचे, पोरीबाळींचे करायचे. सगळं बायकांचं मंडळ बघत होतं. मी साबणाचा हात लावला, तिची बोटं एकत्र मुडपली आणि पहिली बांगडी चढवली. मग दुसरी. ती मुलगी माझ्याकडे बघून हसत होती, तिला कसली भीती नव्हती. दोन्ही हात भरून झाले, एकही वाढली नाही.

आपल्याकडे चुडा भरला की नवरी भरणाऱ्याला वाकून नमस्कार करते. ती उठली, तशी मी सवयीनं बाजूला झाले आणि म्हटलं, "अम्मींना कर." सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "हलू नको. ज्यानं भरला त्याला नमस्कार असतो." मग जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "माझं वय झालं आता. फेरी हिची हाय. हितनं फुडं हिलाच बोलवत जावा." मुलगी माझ्या पायांशी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बायका म्हणत होत्या, अगं ही तर नवरीच्या आईच्या आधी रडायला लागली.

आमचे हे तेव्हा ओसरीच्या दारात उभे होते, पाण्याचा तांब्या हातात घेऊन. त्यांनी सगळं ऐकलं होतं. नवरीच्या आईनं मला विचारलं, "थोरलीचं डोहाळजेवण हाय पुढं, तिला भरायला याल ना?" मी त्यांच्याकडे बघितलं. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत ते म्हणाले, "येणार की. दिवस तेवढा कळवा."